फलकावरची अकरा नावं

बस डेपोच्या दवाखान्यातली सिस्टर मधुमेहाचा वर्ग घ्यायची, म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना पथ्य सांगायची. वर्ग दर मंगळवारी सकाळी अकराला. अहो, अकराला ड्रायव्हर कुठे असणार? गाडीवर. पण वरच्यांना हे सांगायचं कुणी? वरून उलट कागदच आला, हजेरी वाढवा, नाहीतर वर्ग बंद.

सिस्टरचा त्या वर्गात जीव होता. पायाची जखम अंगावर काढून बोटं गमावलेली माणसं तिनं पाहिली होती. तिनं शक्कल लढवली. साखर असूनही वर्गाला न येणाऱ्या अकरा ड्रायव्हरांची नावं ठळक अक्षरांत लिहून सूचना फलकावर लावली. चारचौघांत नाव लागलं की लाजेकाजेस्तव तरी येतील, असं तिला वाटलं.

आले ना, पण आले मॅनेजर साहेब. यादी वाचली, साखरेचा माणूस गाडीवर नको म्हणाले आणि दुपारच्या आत पहिल्या नावाला गाडीवरून उतरवून गाड्या धुण्यावर टाकलं. अकराही उतरवले असते, तर बस काय साहेब चालवणार होते? एकाला धरलं, बाकीच्यांनी समजून घ्यायचं.

पहिलं नाव मामांचं होतं. सगळा डेपो त्यांना मामा म्हणायचा. सव्वीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. सिस्टरनं धावत जाऊन यादी फाडली, साहेबांच्या हातापाया पडली. बैल गेला आणि झोपा केला.

पुढच्या मंगळवारी मामा एकटेच वर्गाला आले, ओल्या पँटीनं.

"मामा, चुकलं माझं. तुमच्या भल्यासाठीच केलं होतं."

"ठाऊक आहे, पोरी. शिकव."

तिनं पाय कसे तपासायचे ते शिकवलं. मामांनी मुकाट्यानं मोजे काढून तळवे पाहिले. मग तिनं भीतभीतच विचारलं, "बाकीचे का नाही आले?"

"येणार नाहीत. माझ्या गाडीवर बदली ड्रायव्हर आलाय, त्यालाही साखर आहे. चोरून गोळ्या घेतो. काल स्टिअरिंगवर घामाघूम झाला, हात थरथरत होते. मीच सांगितलंय त्याला, तोंड शिवून बस आणि दवाखान्याची पायरी चढू नकोस."

सिस्टर ताडकन उठली. "मामा, अहो, गाडीत माणसं असतात. कोण आहे तो? नाव सांगा मला."

मामा मोजे चढवत होते. त्यांनी वर पाहिलं.

"कशाला? फलकावर लावायला?"

खिडकीबाहेर मामांची गाडी खचाखच भरून फाटकातून निघाली होती.