टायर न दाबणारं गिऱ्हाईक

एकोणीसशे एकाहत्तर साल. कापडगिरणीचा भोंगा कायमचा बंद पडला आणि सगळ्या गावाला वेळ कळेनाशी झाली, ते हे वर्ष. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी, सायकलच्या दुकानाच्या फळ्या नुकत्याच काढलेल्या असताना एक माणूस उंबऱ्यात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "एका चाकाची सायकल करून मिळेल का?"

वहिनी उकिडव्या बसून ट्यूबला ठिगळ लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"दोन चाकांच्या आहेत. हवं तर एक चाक काढून ठेवा इथंच."

तो हसला नाही. "चेष्टा नाही करत मी. एक चाक, त्यावर चिमटा, वर सीट. पेडल सरळ आसालाच. लहान मुलांच्या तीनचाकीला पुढं असतं तसं."

आता वहिनींनी पाहिलं. पन्नाशीचा गृहस्थ, दाढी नीट केलेली, बूट चकचकीत. एवढ्या उकाड्यात अंगात कोट, आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल घातलेले. वहिनींच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

"कुणाला हवी?"

"मलाच."

"चालवणार कुठं?"

"इथंच. जवळपास."

"जवळपास म्हणजे? डांबरावर, दगडी फरशीवर, चढावर? त्यावर चाक ठरतं."

"ते बघू नंतर," तो म्हणाला. "मोठं चाक घ्यावं की लहान, तुमचं काय मत?"

वहिनींनी एका गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं नवं कोरं चाक मुद्दाम त्याच्यापुढं उभं केलं. त्यानं वाकून पाहिलं, मान हलवली, आणि हात खिशातच ठेवून तो निघून गेला.

सायकलच्या दुकानात आलेला माणूस, मग तो विकत घेणारा असो की नुसता हवा भरणारा, टायर समोर दिसला की अंगठ्यानं दाबून बघतो. कुणी शिकवावं लागत नाही. शाळेतली पोरं दाबतात, पोस्टमन दाबतो, एकदा तर वरातीच्या मिरवणुकीसाठी सायकल भाड्यानं घ्यायला आलेल्या नवऱ्या मुलानंही दाबला होता. टायर न दाबणारं गिऱ्हाईक वहिनींनी आजवर पाहिलं नव्हतं. याचा अर्थ त्यांनी एकच काढला. हा गिऱ्हाईक नव्हेच. ह्याला भाऊजींनी पाठवलंय.

संशय यायला कारण होतं. वहिनींचे यजमान जाऊन वर्ष व्हायचं होतं. दुकान सासूबाईंच्या नावावर. समोरच्या घरात राहणाऱ्या धाकट्या दिराला तिथं पत्र्याच्या ट्रंकांचं कोठार करायचं होतं. बाईमाणसानं पाने हातात घ्यायचे आणि घरातल्यांनी बाहेर मान खाली घालायची, हे त्याचं पालुपद. सासूबाईंनी दोघांनाही सांगून ठेवलं होतं, "हा उन्हाळा तिला चालवू दे. गिऱ्हाईक तुटलं नाही तर दुकान तिचं. कुणाची तक्रार आली, तर मग तू म्हणशील तसं." त्यानंतर आठवडाभरातच एक जण ब्रेकची तार अर्धी कापलेली सायकल दुरुस्तीला घेऊन आला होता. वहिनींनी ती तार त्याच्यासमोर धरून विचारलं, तेव्हा तो सायकल न घेताच पळाला. तो दिराचा पत्ते खेळायचा सोबती होता, हे मागून कळलं.

त्या दुपारी जेवताना सासूबाईंनी विचारलं, "सकाळी कोटवाला कोण आला होता?"

"एका चाकाची सायकल मागत होता."

"सर्कशीतला का?"

"सर्कशीतला असता तर चाक हातात घेऊन बघितलं असतं. ह्यानं बोटसुद्धा लावलं नाही."

सासूबाई घास चावत राहिल्या. "मग कशाला आला होता?"

"तेच तर म्हणते. पाणी मुरतंय कुठंतरी."

संध्याकाळी दीर समोरच्या पायरीवर उभा राहून ओरडला, "वहिनी, अर्ध्या सायकली विकायला लागलात म्हणे. दोन गिऱ्हाइकांत एक पुरेल की." वहिनींच्या हातातला पाना तसाच राहिला. त्यांनी तर ही गोष्ट सासूबाईंखेरीज कुणाजवळ काढली नव्हती. ह्याला कळलं कसं? आता शंकेला जागाच उरली नाही.

कोटवाला पुन्हा आला, तेव्हाही हात खिशात. वहिनींनी पायाची उंची घ्यायची म्हणून फळी पुढं केली. मांड्यांमध्ये सरळ धरा, वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मी मोजते, म्हणाल्या. "अंदाजानं करा," तो म्हणाला. सीटची उंची अंदाजानं कोण करून घेतं? शिंपीसुद्धा पायजमा अंदाजानं शिवत नाही.

वहिनींनी मनाशी ठरवलं. काम नाही म्हणावं तर दीर म्हणणार, हिला जमत नाही. तेव्हा द्यायचं, पण असं द्यायचं की खऱ्या चालवणाऱ्यानं हात लावताच नाक मुरडावं. खोटा असेल तर गुपचूप घेईल आणि पकडला जाईल. त्यांनी भंगारातल्या थोरल्या तीनचाकीचा आस काढला, त्यावर सव्वीस इंची रिम तारा ओवून चढवली, दोन दिवस खपून तिचा आउट काढला, फिरताना जराही डुलेना अशी सरळ केली. काम चोख केलं, त्यात कसूर त्यांच्यानं झाली नसती. पण टायर घातला तो शर्यतीच्या सायकलचा, बारीक, बोटभर. आणि पंपावर उभं राहून इतकी हवा भरली की टायर दगडासारखा वाजायला लागला.

तो आला, चाकाकडं बघत राहिला. मग बुटाच्या टोकानं टायर हळूच दाबून पाहिला.

"फार टणक नाही का?"

"असाच लागतो," वहिनी म्हणाल्या. स्वतःच्या तोंडून असं काही निघेल, हे त्यांना कालपर्यंत खरं वाटलं नसतं.

"तुम्ही म्हणताय तर. सीट जरा धराल?"

त्यानं भिंतीला पाठ टेकली, पाय पेडलांवर ठेवले आणि भिंत सोडली. वहिनी बघतच राहिल्या. दोनदा डगमगला, आणि मग निघाला की. पाठ ताठ, नजर लांब, हात कोटाच्या खिशात. वाण्याचं दुकान, पिठाची गिरणी, कोपरा, तिथून वळला आणि परत यायला लागला. हे नाटक नव्हतं. ह्या माणसाला एका चाकावर बसता येत होतं. मग हा टायर चालणार नाही, हेही त्याला कळत असणार. केवळ वहिनी म्हणाल्या म्हणून त्यानं मान्य केलं होतं.

वहिनींनी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो गटारावरच्या दगडांपाशी पोचला. रबरात जराही नरमाई नव्हती. दगडावर चाक चेंडूसारखं उडालं आणि माणूस तोंडावर आपटायच्या आधी त्याचे दोन्ही हात खिशातून बाहेर आले.

वहिनी धावल्या. तळवे सोलवटले होते. पण त्या बघत राहिल्या ते रक्ताकडं नव्हे. ते हात थरथरत होते. धक्क्यानं थरथरतात तसे नव्हे. वाऱ्यात पान हलतं तसे, न थांबता, बोटं एकमेकांवर आपटत. वहिनी ते हात थांबायची वाट बघत होत्या. ते थांबेनात.

"पडल्यामुळं नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "कधीपासूनचं आहे. मी घड्याळजी आहे. कालव्यापलीकडं दुकान आहे माझं. कुणाला कळता कामा नये."

तोवर दीर पायऱ्या उतरून आला होता. पिठाच्या गिरणीतली माणसं बाहेर आली होती. सासूबाई दुकानाच्या दारात उभ्या. वहिनींनी कमरेचं तेलकट फडकं काढलं, त्याचे दोन्ही हात त्यात गुंडाळले आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले.

"खरचटलंय फार," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "रक्त थांबू दे."

"साहेब, लागलं का?" दिरानं पुढं वाकून विचारलं. "कुणाची भीडभाड ठेवू नका. माल खराब होता ना?"

त्याच्या तोंडावरून वहिनींना उमगलं की ह्यानं हा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. घड्याळजी वहिनींकडं बघत होता. एक शब्द बोलल्या असत्या, ह्यांचे हात कापतात, ह्यांनी चाकावर बसायलाच नको होतं, तर दुकान वाचत होतं. फडक्याच्या आत ती बोटं अजून धडपडत होती.

"टायर मी चुकीचा घातला, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "बारीक घातला, आणि हवाही वाजवीपेक्षा जास्त भरली."

"कळत नव्हतं का?"

"तसं समजा."

"ऐकलंस ना आई?" दीर वळून म्हणाला. सासूबाई आत निघून गेल्या.

गर्दी पांगल्यावर वहिनींनी घड्याळजीला आतल्या बाकावर बसवलं. तळव्यांना औषध लावलं, कप स्वतः धरून चहा पाजला.

"आता खरं सांगा, कुठं कुठं जायचं असतं?"

तो बोलायला लागला. मनगटी घड्याळं आता पडद्याआड त्याची बायको करायची. तिला त्यानंच शिकवलं होतं. गिऱ्हाइकांना वाटायचं, हा करतो. भोंगा बंद पडल्यापासून कचेऱ्या, शाळा, स्टेशन, सगळीकडं भिंतीवर घड्याळं आली होती, आणि त्यांना आठवड्याची किल्ली द्यायचं काम त्याच्याकडं होतं. "किल्ली फिरवायला कापरे हात चालतात. पण दोन चाकांची सायकल हँडलमुळं नागमोडी जाते. बसमध्ये दांडा धरावा लागतो, लोकांच्या नजरा हातावर. तरुणपणी पैजेवर एका चाकावर बसायला शिकलो होतो, ते आठवलं. माणूस एका चाकावर असला की लोक चाकाकडं बघतात."

"वेडा म्हणतील."

"म्हणू देत. वेड्या घड्याळजीकडं लोक घड्याळ टाकतात. हात कापणाऱ्याकडं नाही टाकत."

वहिनींना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग त्यांनी स्वतः फळी धरून त्याच्या पायाची उंची घेतली. वाट विचारून घेतली. बाजारापर्यंत डांबर, पुढं गिरणीच्या भिंतीलगत दगडी फरशी, आणि स्टेशनाकडं उतार.

"वीस इंची नको. शिकायला बरी, पण पाय भिंगरीसारखे फिरतील आणि तुम्ही तिथल्या तिथं. सव्वीस पळवील, पण उतारावर आवरायची नाही, हिला ब्रेक पायांचाच. चोवीस घेऊ."

"आणि टायर?"

"जाड. फरशीचा दणका त्यानंच खायचा, तुमच्या कमरेनं नव्हे. फार कोरीव नक्षीचा नको, नुसता ओढत बसतो. आणि वापरलेला तर मुळीच नाही. जुना टायर मधोमध घासून सपाट होतो, मग चाक वळायला हट्ट करतं. पाठ गोल हवी."

दोन दिवसांनी त्याच आसावर चोवीसची रिम बसवून त्यांनी टायर चढवला, हवा भरली, अंगठ्यानं दाबला, थोडी सोडली, पुन्हा दाबला. त्याला सीटवर बसवून, रबर खाली किती बसतं ते वाकून पाहिलं, आणखी जरा सोडली. "आता हा तुमच्या वजनाचा झाला," म्हणाल्या. "दर आठवड्याला दाखवून जायचं. तुम्हाला दाबता येणार नाही, मी दाबीन."

तो पडला त्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "धाकट्याच्या कानावर मीच घातलं होतं, एका चाकाचं. सहज बोलून गेले." अंथरूण घालता घालता पुन्हा म्हणाल्या, "तुझ्या हातून बारीक टायर जाईल, हे पटत नाही मला. त्या माणसाचं काहीतरी होतं."

"टायर मीच घातला, आई."

"सांगायचं नाही?"

"नाही."

सासूबाईंनी दिवा बारीक केला. "मग मला शब्द पाळायला हवा," त्या म्हणाल्या.

उन्हाळा सरला आणि दुकान दिराचं झालं. ट्रंका आल्या. छपराची गळती यजमान दरवर्षी स्वतः वर चढून बुजवायचे, ते दिराला ठाऊक नव्हतं. ट्रंका गंजल्या. पुढं त्यानं जागा विकली आणि मुलाकडं दुसऱ्या गावी राहायला गेला. वहिनींशी पुन्हा वाकडं कधी बोलला नाही, सरळही नाही.

वहिनींनी गिरणीच्या बंद फाटकासमोर, एका जिन्याखाली हातभर जागा घेतली. पहिल्याच दिवशी हमालाच्या डोक्यावरून रिम सरळ करायचा लोखंडी घोडा आणि यजमानांचे पाने आले. सोबत सासूबाईंचा निरोप होता, ट्रंकांत ह्यांचं काय काम. त्या स्वतःही पुढल्या वर्षी वहिनींकडं राहायला आल्या आणि शेवटपर्यंत तिथंच राहिल्या. हातांचं त्यांना कधीच कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

घड्याळजी पुष्कळ वर्षं त्या चाकावरून हिंडला. पोरं मागं पळायची, मोठी माणसं हसायची, सगळ्या कचेऱ्यांतले लोक त्याला एकचाकी म्हणायचे. तो ताठ बसून, हात खिशात घालून, गावाची वेळ लावत जायचा. दर आठवड्याला जिन्यापाशी उतरायचा आणि चाक भिंतीला टेकून उभा राहायचा. वहिनी हातातलं काम सोडून टायर दाबायच्या.

तो गेल्यावर महिन्याभरानं त्याची बायको ते चाक घेऊन आली. चष्मा कपाळावर चढवलेला, बोटांना बारीक तेलाचा वास. "घरात अडचण होते," एवढंच म्हणाली, आणि दोघी थोडा वेळ बसल्या. ती गेल्यावर वहिनींनी टायर दाबला. अंगठा आत गेला. त्यांनी पंप घेतला, हवा भरली, दाबून पाहिलं, थोडी सोडली, पुन्हा पाहिलं. त्याच्या वजनाइतकी झाली तेव्हा व्हॉल्व्हचं टोपण लावलं आणि चाक खिळ्याला अडकवलं.