रेनिकचे त्रेसष्ट टोल

नियम तुम्ही केलात, साहेब. दूर शहरातल्या चर्चच्या मुख्य कार्यालयात पंख्याखाली बसून केलात, आणि त्याचं पाप एका नव्या पाळकाच्या माथी मारलंत. आज मी गप्प बसणार नाही.

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. निकाराग्वाच्या पूर्व किनाऱ्यावर, खाडीकाठच्या एका लाकडी चर्चमध्ये टांगलेली. मला कुठे ओतलं ते आठवत नाही. गावच्या माणसांनी होडीतून उतरवून खांद्यावर आणलं, तेवढं आठवतं. गावात कुणी गेलं की त्याचं जितकं वय, तितके टोल. पाण्यावरची माणसं वल्ही थांबवून मोजायची, कोण गेलं ते ओळखायची आणि घराकडे वळायची. इथल्या उकाड्यात प्रेत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता येत नाही.

लेनॉक्स हॉजसन पाळक होऊन आले, त्याला अकरा दिवस झाले होते. सकाळीच म्हातारा रेनिक गेला. वय त्रेसष्ट. दोन्ही मुलगे मासेमारीला गेलेले. चाळीस वर्षं त्याच्याबरोबर संसार केलेली आयोनी धापा टाकत पायऱ्या चढून आली.

"पाळकबाबा, घंटा वाजवा. पोरांना कळू दे."

पाळकांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "आयोनीबाई, तुमचं लग्न चर्चमध्ये लागलेलं नाही. अशांसाठी घंटा वाजवता येत नाही."

"आता काय मढ्याशी लग्न लावू? पोरांना बापाचं तोंड बघू द्या हो!"

दोर ओढणारे ऑस्विनकाका म्हणाले, "बाबा, ही घंटा आपण देवाला ऐकवायला नाही वाजवत. होड्यांना ऐकवायला वाजवतो."

"नियम म्हणजे नियम, काका."

काकांनी हातातला दोर सोडला. जोराचा वारा सुटावा, असं मला फार वाटलं. पानही हललं नाही. तीन वाजता रेनिकला पुरलं.

दुसऱ्या दिवशी मुलगे होडीभर मासे घेऊन, हसत परतले. तासाभराने थोरला अल्बर्न चर्चच्या दारात उभा होता. त्याने शिवी दिली नाही.

"पाळकबाबा, घंटा तुमची, मान्य. पण बाप तर आमचा होता ना?"

पाळकांनी नियमांचं पुस्तक कपाटात टाकून दिलं.

त्यानंतर सतरा वर्षं, कुणाच्याही मयताला गेले की बायबल उघडायच्या आधी ते विचारतात, "पाण्यावर कोण कोण आहे?" लग्नाचं विचारत नाहीत. लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. मी सगळ्यांसाठी वाजले. फक्त रेनिकसाठी वाजले नाही. आता मला तडा गेलाय, गंज चढलाय. मित्रांनो, जुनी वस्तू पुसा, तिला तेल घाला. पण ती कुणाच्या गरजेची आहे, ते आधी विचारा.

आणि साहेब, परवा तुमचं पत्र आलं. नियम मोडल्याबद्दल तुम्ही पाळकांकडे खुलासा मागितलाय. त्यांचं ते बघतील. अल्बर्न अजून ह्या दारातून आत येत नाही. त्याला मी काय सांगू? बोला!