एक्स्चेंजमध्ये गेलेली गाडी

माझ्या साडूला गाडीतलं काही कळत नाही, हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. दातांचा डॉक्टर आहे तो. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवायची आणि बोलायचं मात्र आपणच, ही सवय त्याला दवाखान्यात लागली ती घरीही सुटत नाही. आमचं बिनसलं ते बारा वर्षांपूर्वी, त्याच्या लग्नाच्या जेवणातच. मित्रांशी माझी ओळख करून देताना तो म्हणाला, "हे आमचे मिस्त्री." माझं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली सहा माणसं आहेत. पण तेव्हापासून त्याच्या तोंडी मी मिस्त्री तो मिस्त्रीच. मीही काही कमी नाही. आमच्या घरात त्याला दंतमंजन म्हणतात, आणि ते नाव मी ठेवलंय. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, नाहीतर मी त्याच्या दारात उभा राहिलो नसतो.

तर एका गुरुवारी दंतमंजनाचा फोन आला. "मिस्त्री, रविवारी मोकळे आहात का? जरा एक गाडी बघायचीय. इटालियन कूपे."

"म्हणजे दोन दारांची?"

"कूपेला दोनच दारं असतात, मिस्त्री."

बघा आता. गरज त्याला, फोन त्याचा, आणि शिकवणी मला. मी लगेच हो म्हटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या मैदानात पाऊल टाकत होता.

बायकोला सांगायला गेलो तर तिला आधीच सगळं माहीत होतं. धाकटीचा, म्हणजे तिच्या बहिणीचा, फोन येऊन गेला होता.

"नीट ऐका," बायको म्हणाली. "तो इटालियन घेवो नाहीतर विमान घेवो. पण तो धाकटीची गाडी एक्स्चेंजमध्ये देतोय. तिचं हॉस्पिटल घाटापलीकडे, आठ वाजता पेशंट येऊन बसतात. गाडी गेली की तिची नोकरी गेली."

"तो सोडेल की तिला."

"तो? त्याचा दवाखाना दहाला उघडतो. आठला तो कूस बदलतो. त्याला ती नोकरी नकोच आहे मुळी. आता निमित्त मिळालंय."

"मग तिनं भांडावं."

"भांडली. गाडी त्याच्या नावावर आहे." तिनं माझ्यासमोर बोट धरलं. "तिची गाडी वाचवायची, एवढंच काम आहे तुमचं. आणि तोंड सांभाळा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तिथं करू नका."

धाकटी मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. फिजिओथेरपिस्ट आहे. तिची करडी, छोटी गाडी अकरा वर्षांची, आणि पहिल्या दिवसापासून माझ्याच गॅरेजात येणारी. दिसायला म्हणाल तर कुणी वळूनही बघणार नाही. पण त्या घाटात अकरा वर्षांत ती एकदाच थांबली, तेही धाकटी पेट्रोल भरायला विसरली म्हणून. तिच्या दोन्ही किल्ल्यांना मी जुन्या बेअरिंगच्या कड्या घालून दिल्या होत्या. दोन्ही किल्ल्या जपून ठेव, असंही बजावलं होतं, कारण एक हरवली की विकताना भाव उतरतो.

शनिवारी मी अभ्यास केला. त्या कूपेची माहिती काढली, दोन ओळखीच्या मेकॅनिकांना फोन केले, रात्रीच्या जेवणाआधी दोन पानं टिपणं काढली. खोटं कशाला बोलू, हे सगळं धाकटीसाठी नव्हतं. दंतमंजनाला तोंडावर आपटलेलं बघायचं होतं मला.

रविवारी शोरूममध्ये गेलो. काचेची भिंत, टायरांना काळं पॉलिश, टेबलावर चॉकलेटची वाटी. शोरूमवाला इतका गुळगुळीत की त्याच्यावर माशी बसली असती तर घसरली असती. मधोमध ती गाडी. गडद लाल, सहा वर्षांची, जेमतेम एकोणीस हजार किलोमीटर चाललेली. देखणी होती, ते नाकारून उपयोग नाही. कोपऱ्यातल्या सोफ्यावर दोनतीन गिऱ्हाइकं बसली होती. बाहेर धाकटीची करडी उभी होती. दंतमंजन ती चालवत आला होता.

"बोला मिस्त्री, काय वाटतं?" खिशात हात घालून तो म्हणाला.

मी टिपणं काढली. "टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

"सर, गाडी तर चाललेलीच नाही," शोरूमवाला म्हणाला.

"बेल्ट रबराचा असतो. उभ्या गाडीतही म्हातारा होतो. पाच वर्षांनी बदलायचा असतो, हिला सहा झाली. तुटला की इंजिनाचा खुळखुळा. आणि पार्ट मागवला तर यायला सहा आठवडे."

"बदलू की बेल्ट," दंतमंजन म्हणाला.

"पुढे ऐका. तीन वर्षांनी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाइकं दोनच मिळतील. एक तुमच्यासारखं, आणि एक हे." मी शोरूमवाल्याकडे बोट दाखवलं. "तुमच्यासारखं रोज जन्माला येत नाही, आणि हे अर्ध्या भावात मागतील."

"गाडी म्हणजे नुसता हिशेब नसतो, मिस्त्री. हौसेला मोल नसतं."

"असतं. दर सर्व्हिसिंगला असतं."

सोफ्यावरचं कुणीतरी फिस्सकन हसलं. मला चेव आला. घ्यायचीच असेल तर कंपनीच्या अधिकृत डीलरकडून घ्या, मी म्हणालो. तीन तासांवर आहे. भाव पाचव्या हिश्शानं जास्त, पण वर्षभराची वॉरंटी, आणि जुने कागद चोख मिळतील.

"तिकडे एक्स्चेंज घेत नाहीत," तो म्हणाला. "आणि ती करडी मला घरातून काढायचीच आहे. नाहीतरी तिची नोकरी फार लांब आहे."

हे वाक्य मी ऐकलं. अगदी नीट ऐकलं. बायकोनं ज्या कामासाठी मला पाठवलं होतं ते काम त्या वाक्यात होतं. पण माझं डोकं बॉनेटखाली गेलं होतं, आणि तिथं मला घबाड सापडलं होतं.

उजव्या मडगार्डाच्या तीन बोल्टांच्या कडांचा रंग उडाला होता. पाना लागल्याशिवाय तो उडत नाही. म्हणजे मडगार्ड निघालं होतं, आणि मडगार्ड कुणी हौसेनं काढत नाही. गाडी पुढून ठोकलेली होती. त्याला बाजूला घेऊन कानात सांगता आलं असतं. माणूस कितीही शिष्ट असला तरी एकांतात ऐकतो. पण मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "डॉक्टर, या इकडे! हिनं आ केलाय, बघून घ्या. पुढचा दात खोटा आहे. तुम्हाला कसा दिसला नाही?"

सोफा अख्खा हसला. शोरूमवालाही हसला आणि मग घाईघाईनं खोकला.

दंतमंजनाचे कान लाल झाले. "मिस्त्री, बारा वर्षं जळताय तुम्ही माझ्यावर," तो म्हणाला. "मी आज चांगली गाडी घेतोय ते तुम्हाला बघवत नाही." आणि शोरूमवाल्याकडे वळला. "कागद काढा. घेतोय मी."

खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. मी सगळं खरं बोललो होतो, आणि अशा रीतीनं बोललो होतो की त्यानं ते ऐकू नये. आता घे म्हणावं. पोस पांढरा हत्ती.

मग त्यानं करडीची किल्ली टेबलावर ठेवली. बेअरिंगची कडी काचेवर खणकन वाजली. शोरूमवाल्यानं बाहेर जाऊन एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि एक आकडा सांगितला. त्या पैशांत बरी मोटरसायकलही येत नाही.

"एवढ्याला?" माझा आवाज चढला. "अहो, अकरा वर्षं मी स्वतः सांभाळलीय ती. इंजिन घड्याळासारखं चालतं. क्लच मागच्या वर्षी नवा घातला. डोळे मिटून घाट चढते ती गाडी. याच्या दुप्पट द्या, तरी तुमचाच फायदा."

"एवढा पुळका आहे तर तुम्हीच घ्या की," दंतमंजन म्हणाला. "याच भावात घ्या. आत्ता. तुम्हाला शोभेलही." पुन्हा सगळे हसले. आता माझ्यावर.

माझ्या खिशात कार्ड होतं. खात्यात तेवढे पैसे होते. मी म्हणालो, "आम्ही कुणाचं उष्टं खात नाही, डॉक्टर."

आणि बाहेर पडलो. वाक्य असं फर्मास जमलं होतं की घरी पोचेपर्यंत मी ते तीनदा स्वतःशी म्हणून बघितलं.

बायको दारातच उभी होती. मी तिला बेल्टाचं सांगितलं, बोल्टांचं सांगितलं, खोट्या दाताचं तर अभिनयासकट सांगितलं. ती हसली नाही.

"धाकटीच्या गाडीचं काय झालं?"

"दिली त्यानं. मातीमोल दिली. उलट मलाच म्हणतो, तुम्ही घ्या याच भावात."

"मग?"

मी सांगितलं. ते वाक्य तिच्यासमोर म्हणताना, तिच्या तोंडाकडे बघता बघता मला कळलं की मी काय करून आलो.

"त्यानं गाडी तुमच्या हातात ठेवली होती," ती म्हणाली. "आणि तुम्ही नाही म्हणालात." मग ती आत गेली. चार शिव्या हासडल्या असत्या तरी चाललं असतं.

सोमवारी शोरूम उघडायच्या आधी मी त्याच्या दारात होतो. शोरूमवाला आला, कुलूप काढता काढता माझ्याकडे बघून हसला. "करडी? ती कालच गेली. तुम्ही निघालात आणि सोफ्यावरचं गिऱ्हाईक उठलंच. परगावचं होतं. दुप्पट दिले."

"दुप्पट?"

"तुमच्याच शब्दावर की. घड्याळासारखं इंजिन, नवा क्लच. मेकॅनिक स्वतः सांगतोय म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? तुम्ही यायला हवं अधूनमधून." त्यानं चॉकलेटची वाटी पुढे केली. मी ती हातानं ढकलली, चॉकलेटं फरशीवर पसरली. तेवढाच काय तो माझा पराक्रम.

आता माझ्याकडे एकच वाक्य उरलं होतं, 'मी सांगितलं होतं.' ते मी जपून ठेवलं. बेल्ट बदलायला दंतमंजन माझ्याकडे येणार नव्हता हे उघड होतं, आणि दुसरीकडे जाण्याइतका त्याला उरक नव्हता. म्हणजे कधीतरी ती लाल गाडी माझ्या दारात ओढत आणावी लागणार. हे वाक्य त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं, हसून की न हसता, हेसुद्धा मी गाडीखाली झोपल्या झोपल्या ठरवत असे. धाकटी दोन बस बदलून जाते आणि सव्वानऊला पोचते, असं बायको तुटक तुटक सांगायची.

सात आठवड्यांनी ती लाल गाडी आली. गाड्या उचलून नेणाऱ्या ट्रकवर चढवलेली, नाक वर करून. मी हात पुसत, छाती काढून फाटकाशी गेलो.

ट्रकमधून धाकटी उतरली. हातावर पांढरा कोट घडी करून टाकलेला.

"भाऊजी, पट्टाच तुटला म्हणतोय ड्रायव्हर. घाटाच्या मध्यावर. आज यांनी पहिल्यांदाच दिली होती मला." ती गाडीकडे न बघता बोलत होती. "तुम्ही सगळं बरोबर सांगितलं होतंत. यांनी घरी आल्यावर सांगितलं ना, तुमचं ते उष्ट्याचंही. दोनदा सांगितलं."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिनं बघितलं आणि माझ्याकडे दिला.

"मिस्त्री," पलीकडून दंतमंजन म्हणाला, "किती दिवस लागतील?"

वाक्य जिभेवर आलं होतं. सात आठवडे घासून पुसून ठेवलेलं वाक्य. पण धाकटीनं पर्स उघडून काहीतरी बाहेर काढलं आणि माझ्या पान्यांच्या ट्रेमध्ये ठेवलं. बेअरिंगची कडी, तिला एक किल्ली.

"ही दुसरी माझ्याकडेच राहून गेली," ती म्हणाली. "ज्यांनी गाडी घेतली त्यांना पाठवता आली तर पाठवा. नसली तर पुढे विकताना भाव उतरतो, तुम्हीच सांगितलं होतंत." तिनं कोट दुसऱ्या हातावर घेतला. "मला आता लागणार नाही. आज घाटातूनच हॉस्पिटलला कळवून टाकलं, उद्यापासून येत नाही म्हणून."

"हॅलो? मिस्त्री? ऐकताय ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो.