काच बसल्यानंतरचा तास

दोन रबरी पकडींना धरून त्याने समोरची नवी काच उचलली, गाडीच्या नाकावरून अलगद पुढे नेली आणि काळ्या सीलंटच्या ओल्या रेघेवर टेकवली. तळव्याने ती कडेकडेने दाबत नेली. वरच्या कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली, मागच्या दाराची काच दोन बोटं खाली केली आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

"झालं?" गाडीच्या मालकीणबाईंनी पायरीवरून विचारलं.

"बसवून झाली. आता तासभर हलवायची नाही. फोनवर बोललो होतो."

"म्हणून तर कपडे भिजवलेत," म्हणत त्या आत गेल्या.

तो गाडीत बसला आणि दोन्ही हातांनी ओढून त्याने दार आवाज न करता लावलं. दार आपटलं की आतली हवा ओल्या सीलंटवरची काच बाहेर ढकलते. काचेतून समोरची भिंत, भिंतीवरची मांजर, वाळत घातलेली चादर आत्ताच धुऊन ठेवल्यासारखी दिसत होती. बावीस वर्षं हा तास त्याचा होता.

फाटकाशी काचा बसवणाऱ्या कंपनीची व्हॅन थांबली. धाकटा भाऊ उतरला, शेजारचं दार उघडून एक पाय बाहेरच ठेवून बसला. सहा वर्षं दादाच्या हाताखाली शिकलेला हा गडी आता कंपनीत बारा कारागिरांच्या वेळा लावत होता.

"दादा, फोन का उचलत नाहीस?"

"काम चाललंय."

"बसलायस की."

"तेच काम."

धाकट्याने सीटवरची दादाची वही उघडली. दिवसाला तीन कामं, आणि प्रत्येकाखाली एकच शब्द: बसणे. त्याला हसू आलं.

"आमच्याकडे आठ होतात. वीस मिनिटांत किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात. तू काच बसवतोस की अंडी उबवतोस?"

"तुमच्या अंड्यांचं काय होतं ते ठाऊक आहे. मागच्या महिन्यात दोन गळकी माझ्याकडेच आली."

"ते सोड. आज उत्तर हवंय वरच्यांना. सोमवारपासून आमच्या वेळेने चाल, नाहीतर आमच्याकडून येणारी कामं बंद. तुझी निम्मी कामं आमची आहेत, दादा."

"माहीत आहे."

"वहिनीला काय सांगशील?"

"सकाळीच सांगितलं. म्हणाली, कामं निम्मी झाली तर निम्मं जेवू, पण तुम्ही घरी येऊन माझ्यावर डाफरणार नाही, तेवढं बरं."

धाकट्याने घड्याळ त्याच्यापुढे धरलं. "पंचवीस मिनिटं झाली. आमच्याकडे ही गाडी एव्हाना चौकापार गेली असती. काय मिळतं तुला इथे बसून?"

थोरल्याने काचेतून भिंतीवरच्या मांजरीकडे बोट दाखवलं.

"दिवसभर मी लोकांच्या काचा बाहेरून बसवतो. एवढा एक तास आतून बघतो. काच धरली, हे बघितल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. आणि किती वाजता उठायचं ते मी वहीत लिहितो, तू नाही. जा, सांग त्यांना. नाही म्हणाला म्हणून सांग."

"उपाशी मरशील त्या वहीसकट."

"मरेन. पण घाईत नाही."

धाकटा ताडकन उतरला. चेहरा लाल झाला होता. दाराची कड त्याने मुठीत धरली आणि खांदा मागे घेतला.

त्याची नजर वरच्या चिकटपट्टीवर गेली.

मूठ सैल झाली. मग त्याने दोन्ही तळवे दारावर ठेवले आणि बारीक खट होईपर्यंत ते हळूच दाबत नेलं. आत न बघता तो व्हॅनकडे गेला.

थोरल्याने वही सोमवारच्या पानावर उघडली. तिथे एकच काम होतं. त्याखाली त्याने लिहिलं: बसणे.

अजून अर्धा तास बाकी होता.