आक्काताईचा घसा बसला त्या दिवशी

चन्नाप्पा अज्जा घर बघायला येणार होते, त्याच सकाळी आक्काताईचा घसा बसला. नुसता खरखरला नाही, साफ बसला. तोंडातून तेवढी हवा बाहेर येत होती.

दुसऱ्या कुणाचा बसला असता तर काही बिघडलं नसतं. पण आक्काताईचं माहेर गोकाककडचं, आणि लग्न होऊन कोल्हापुरात आल्यापासून शाहूपुरीतल्या निम्म्या सोयरिकींची ती दुभाषी. मुलीकडचे कानडी, मुलाकडचे मराठी आणि मध्ये आक्काताई. बोललं तसं मात्र ती कधीच सांगायची नाही. इकडचा रांगडा शब्द तिकडे जाताना मऊसूत करून द्यायची, आणि त्याचा तिला भारी अभिमान.

घरच्या कामात मात्र तिला यश येत नव्हतं. तिच्या सोमेशच्या दोन सोयरिकी पलीकडच्या लोकांनी कारण न सांगता मोडल्या होत्या. ही तिसरी. कागलच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या सोमेशने चन्नाप्पा अज्जांच्या नातीला, पवित्राला, एकदाच पाहिलं होतं, आणि 'ही न्हाय तर कुणीच न्हाय' म्हणून तो मोकळा झाला होता.

"मी सांगते की," धाकटी लेक विद्याश्री म्हणाली. ती आईकडून कानडी शिकलेली. त्या वर्षी एम.ए.ला भाषांतराचा इतिहास होता, त्यामुळे घरात कुणाला सुखानं जेवू देत नव्हती. "दरबारात दुभाष्यानं शब्द फिरवला तर डोकं जायचं, आई. बोलतील तेच सांगायचं."

"दरबारात सोयरीक ठरत नव्हती गं भवाने," आक्काताई पुटपुटली. पण ते ऐकू कुणाला येणार?

बैठक बसली. सोमेशला वडील नव्हते, म्हणून बोलायला थोरले काका बसाप्पा. गुळाचे व्यापारी. साधं 'बसा' म्हणाले तरी भांडण लागलंय असं वाटायचं.

अज्जांनी कानडीत विचारलं, नात शाळेत शिकवते, पुढे नोकरी करू देणार का?

"करू दे की! कोण आडवतंय?" बसाप्पा गरजले. "पर पोरगं आळशी हाय, ह्ये आत्ताच सांगतो. रविवारी दुपारपतोर लोळतंय. शिस्त लावायची धमक असंल तर द्या पोरगी. नंतर आमच्या नावानं बोंबलायचं न्हाय!"

विद्याश्रीने शब्दन् शब्द पलीकडे पोचवला. बोंबलायचंसुद्धा. आक्काताईने तिला करकचून चिमटा काढला. दारात उभा सोमेश पांढराफटक पडला.

आणि मग अज्जा हसायला लागले. पोट धरून, ठसका लागेपर्यंत. दम खाऊन ते जे बोलले ते विद्याश्रीने मराठीत आणलं.

"अज्जा म्हणतात, आधीच्या दोन्ही सोयरिकीवाले त्यांच्याच पंचक्रोशीतले. ते परत जाऊन सांगायचे, तिथला थोरला लाल होऊन ओरडतो, आणि बाई त्याचं 'तुमचे पाय लागले, धन्य झालो' असं करून सांगते. नक्की काहीतरी लपवतात. म्हणून अज्जा स्वतः बघायला आले."

आक्काताईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. लेकाच्या दोन सोयरिकी तिच्याच गोडव्यानं घालवल्या होत्या! वाईट वाटलं, स्वतःचा रागही आला. पण समोर म्हातारा असा खदखदत होता, की तिलाही हसू आवरेना.

अज्जा आता थेट तिच्याकडे बघून काहीतरी बोलले. विद्याश्री तोंड उघडणार, तोच आक्काताईने तिला थांबवलं. हातातला गरम पाण्याचा पेला खाली ठेवला, आणि उरल्यासुरल्या आवाजात दिरांना जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणत्यात, चहा पांचट हाय. तुमी रेड्यागत वरडताय. पर पोटात काय ठेवत न्हाय. पोरगी दिली."

बसाप्पांचे डोळे विस्फारले. भावजयीच्या तोंडून असं काही त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. मग त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की कपबश्या खणखणल्या.

"आयला, म्हातारा आपल्यातलाच हाय की! साखर आणा रं! आन् उरली तर पावण्यांच्या चहात घाला!"