आभाराची चिठ्ठी

"मी देणार ही चिठ्ठी," टॅमसिन म्हणाली आणि कागदाची घडी झग्याच्या खिशात घातली. "तुम्ही उभे राहा नाहीतर बसून राहा. मी उभी राहणार."

इथामर कोल बुटाचं बक्कल लावत होता. ते लागत नव्हतं, किंवा त्याला लावायचं नव्हतं.

"पुढच्या रविवारी देऊ."

"तीन रविवार हेच ऐकतेय. पाय दुखतो, पाय दुखतो. काल कोठाराच्या शिडीवर चढताना बरा नाही दुखला!"

त्या गावात देवाकडे काही मागायचं तर चिठ्ठी लिहून पाद्रीबुवांकडे द्यायची रीत होती. प्रवचनाआधी पाद्रीबुवा ती मोठ्यानं वाचत आणि ज्या घरची चिठ्ठी, त्या घरानं तेवढा वेळ उभं राहायचं. ताप, बाळंतपण, समुद्रावरची सफर, मयत, कशाचीही चिठ्ठी चाले. मागितलेलं मिळालं की मग आभाराची चिठ्ठी. ती न देणाऱ्याला गाव वर्षभर नावं ठेवी.

"पंधरा महिने उभी राहिलेय मी किझायाचा हात धरून," टॅमसिन म्हणाली. "माझा नवरा लढाईवरून सुखरूप येऊ दे म्हणून. सगळं गाव माझ्यासाठी डोळे मिटून बसलं. मुलगा गेलेली डॉर्कससुद्धा. आता तुम्ही आलात, तर तोंड लपवू? मागताना लाज नाही वाटली, मिळाल्यावर वाटायची?"

टॅमसिनचं सगळं बरोबर होतं, आणि हीच अडचण होती. इथामरनं कोट घातला. दहा वर्षांची किझाया बापाची टोपी हातात धरून दारात केव्हाची उभी होती.

इथामर मुळात लाकडी फळ्यांची पिंपं बांधणारा. गावच्या तुकडीचा कॅप्टन होणं तसं फार अवघड नव्हतं. अंगात धमक असावी, आवाज मैदानापलीकडे जावा आणि निवडून आल्यावर सगळ्यांना रम पाजायची ऐपत असावी. इथामरकडे तिन्ही होतं. वर्षातून चारदा तो शेतकऱ्यांच्या पोरांना रांगेत उभं करी. पोरं डाव्याचा उजवा पाय करत, बायका कुंपणापाशी हसत, आणि मग सगळे जेवायला जात.

मग उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या फ्रेंचांच्या लुईबर्ग किल्ल्यावर मोहीम निघाली. "गवतकापणीपर्यंत घरी याल," असं सांगून इथामरनं गावातली चौदा पोरं नेली. किल्ला जूनमध्ये पडलासुद्धा. पण घेतलेला किल्ला राखायलाही माणसं लागतात, हे निघताना त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. किल्ला घेताना गावचा एक गेला. राखताना हिवाळ्यात तापानं आठ गेले.

त्या आठांत जोएल टटल होता. डॉर्कसचा एकुलता एक. सात वर्षं इथामरच्याच घरी राहून, त्याच्याच ताटातलं खाऊन पिंपं बांधायला शिकलेला. ऑक्टोबरात घरी येणाऱ्या गलबतावर तुकडीतल्या दोघांना जागा होती. कोणाला पाठवायचं ते कॅप्टननं ठरवायचं होतं. जोएल म्हणाला, आई एकटी आहे, मला जाऊ द्या. इथामर म्हणाला, पाण्याची पिंपं सगळी फुटलीत, तुझ्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही, वसंतात जा. फेब्रुवारीत तापानं जोएल गेला. जमीन इतकी गोठलेली होती की खड्डा खणायला एप्रिल उजाडला.

हे डॉर्कसला माहीत नव्हतं. टॅमसिनलाही नव्हतं.

प्रार्थनाघरात कॅप्टनची जागा पुढे, व्यासपीठाजवळ. पाद्रीबुवांनी चष्मा पुसला आणि पहिली चिठ्ठी उघडली. "इथामर कोल आणि कुटुंब, युद्धातून सुखरूप परत आणल्याबद्दल देवाचे आभार मानतात."

टॅमसिन उठली. किझाया उठली. इथामरला पाठीवर सगळं गाव जाणवलं. मग तोही उठला. पाद्रीबुवांनी दोन वाक्यांची प्रार्थना केली आणि टॅमसिन समाधानानं खाली बसली. इतक्या महिन्यांचं ओझं उतरलं होतं बिचारीचं.

दुसरी चिठ्ठी मे महिन्यापासून दर रविवारी तीच असे. "डॉर्कस टटल, मुलाच्या मृत्यूचं दुःख सोसायचं बळ मागते."

मागच्या बाकावर डॉर्कस उभी राहिली. तिच्याबरोबर उभं राहायला तिच्या घरात कोणी उरलं नव्हतं. इथामर अजून बसला नव्हता. तो बसेना.

"बसा," टॅमसिननं त्याच्या कोटाचं टोक ओढलं. "आपली झाली."

"नाही झाली," तो म्हणाला. आवाज मैदानापलीकडे जाणारा, तो हळू बोलणार किती? सगळ्यांनी ऐकलं. टॅमसिनचे कान लाल झाले. प्रार्थना संपेपर्यंत कॅप्टन कोल उभा होता.

सकाळ-दुपारच्या दोन प्रवचनांच्या मध्ये लोक बाहेर झाडाखाली शिदोरी सोडत. डॉर्कस हातात मक्याच्या भाकरीचा तुकडा घेऊन सरळ त्याच्यापाशी आली. इथामर शेंबडा असल्यापासून ती त्याला ओळखत होती. कॅप्टनबिप्टन तिच्या तोंडी कधी आलं नाही.

"कुणाला विचारून उभा राहिलास?"

"कुणालाच नाही."

"माझ्या घरचा आहेस तू?"

"तो माझ्या घरचा होता." इथामरनं टोपी काढली. "डॉर्कसबाई, ऑक्टोबरात एक गलबत इकडे निघालं होतं. जाऊ द्या म्हणाला होता तो. मी ठेवून घेतला."

शेजारी टॅमसिनचा हात शिदोरीतच थांबला.

"का?" डॉर्कसनं विचारलं.

"पिंपं बांधायला."

डॉर्कस तोंडातला घास चावत राहिली.

"झाली का मग पिंपं?"

"झाली. चाळीस."

"चांगली झाली होती?"

"एक गळलं नाही."

ती वळली. चार पावलं गेली आणि तिथूनच म्हणाली, "मला त्यानं करून दिलेली बादली गळतेय. उद्या ये. हत्यारं घेऊन."

सोमवारी सकाळी कोणी न सांगता टॅमसिननं त्याची हत्यारांची पेटी दाराशी आणून ठेवली. रात्रभर ती त्याच्याशी बोलली नव्हती.

डॉर्कसच्या ओसरीवर बादली खुंटीला टांगलेली होती. इथामरनं ती उतरवली, उजेडात धरली, प्रत्येक फळीवरून अंगठा फिरवला. काम जोएलचंच. असा सांधा इथामरलाही जमत नव्हता, पण माझ्याहून सरस आहेस, असं तो पोराला कधी म्हणाला नव्हता.

"हिला काही झालेलं नाही. वाळलीय नुसती. पाणी कधीपासून भरलं नाहीत?"

"मेपासून."

"भरलेली ठेवली की फळ्या फुगतात. आपोआप बसतात."

"हे मला शिकवतोस? सात वर्षं ऐकलंय त्याच्या तोंडून." डॉर्कसनं तोंड फिरवलं. "माझ्यानं भरवत नाही."

इथामरनं पेटी उघडलीच नाही. तो विहिरीवर गेला, दुसऱ्या भांड्यानं पाणी आणलं आणि बादलीत ओतलं. ते चहूबाजूंनी वाहून गेलं. त्यानं पुन्हा आणलं. ओसरी भिजली, पायऱ्या भिजल्या, त्याचे बूट भिजले.

"माफबिफ केलंय असं समजू नकोस," डॉर्कस म्हणाली.

"नाही समजत."

दुपारपर्यंत धारा थांबून थेंब उरले होते. डॉर्कसनं आतून स्टूल आणलं, बादलीजवळ ठेवलं आणि स्वतःच त्यावर बसली. वाकून तिनं बादलीच्या बुडाला हात लावला.

"अजून गळतेय," ती म्हणाली.

इथामर भांडं घेऊन विहिरीकडे गेला.