शनी अमावास्येचा खाडा

देवळाली प्रवऱ्यात कॉम्प्युटर क्लास चालवणारी सीमा साळवे हट्टी आहे, हे गावाला ठाऊक होतं. किती हट्टी, ते पुण्याच्या एका कंपनीला अठ्ठ्याण्णवच्या गळीत हंगामात कळलं.

कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची आणि तोडणी मजुरांची कोणती टोळी कुठं पाठवायची, हे ठरवणारा प्रोग्रॅम सीमानं लिहिला होता. पाया तिचा नव्हता. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर कुणा परदेशी माणसानं आपला कोड मोकळा ठेवला होता. घ्या, बदला, विकासुद्धा. पण ज्याला द्याल त्याला कोडही द्या आणि आधीच्यांची नावं पुसू नका, एवढीच त्याची अट. त्याच अटीवर सीमानं आपलं काम एका साखर कारखान्याला दिलं. कंपनीनं ते तिथून उचललं, वरून रंगरंगोटी केली, कोड दडवला आणि दुसऱ्या कारखान्याला विकलं. आयत्या बिळावर नागोबा!

सीमाला याचा पत्ताच नव्हता. त्या दुसऱ्या कारखान्याचे शेतकी अधिकारी रंगनाथभाऊ यांनी तिला बोलावलं, ते वेगळ्याच कारणानं. कारखान्याला नव्या गावांचे गट जोडले होते, प्रोग्रॅम त्यांना ओळखत नव्हता, ऊस उभ्या उभ्या वाळत होता. कंपनी म्हणत होती, दुरुस्ती हंगामानंतर.

सीमा पडद्यासमोर बसली. तोडणीच्या कार्यक्रमात एक दिवस कोरा होता. शनी अमावास्या. तिच्या अंगाची लाही लाही झाली. ती प्रोग्रॅम लिहीत होती तेव्हा खर्ड्याकडच्या टोळ्यांचा मुकादम सूर्यभान तिला म्हणाला होता, "ताई, त्या दिशी समद्या टोळ्या शिंगनापूरला जात्यात. तुमच्या मशिनीत काय बी लिवा, कोयता हालायचा न्हाई." तो खाडा तिनं स्वतःच्या हातानं घातला होता.

घरी तिनं वडिलांना सांगितलं. कोंडीराम छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेले, कॉम्प्युटरला कधी हात न लावलेले. सगळं ऐकून म्हणाले, "दुसऱ्याच्या हिरीला कुलूप घालनारे आमी लई बघितलेत, सीमे. गप बसलं की ती हीर त्यांचीच हुती."

सीमा गप्प बसणार नव्हतीच.

रंगनाथभाऊंनी कंपनीच्या साहेबाला बोलावून घेतलं. साहेबानं आधी चोराच्या उलट्या बोंबा मारल्या. "मॅडम, उलट तुम्हीच आमचं पाहून केलं असेल."

"असेल," सीमा म्हणाली. "हा प्रोग्रॅम आणखी कुठं विकलात?"

"कोल्हापूरकडे. जसाच्या तसा."

"मग तिकडंही शनी अमावास्येला तोड बंद असते?"

साहेबाचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. तिकडून नेमकी हीच तक्रार येत होती, आणि कंपनीत कुणालाच कारण सापडत नव्हतं. "इथल्या कारखान्यानंच सांगितलं असेल," तो पुटपुटला.

"आमी कवा सांगितलं?" रंगनाथभाऊ कडाडले. मग सूर्यभानचं बोलणं सीमानं सांगितलं आणि साहेबाची मान खाली गेली.

मान खाली घालूनही माणूस हिशेबी. "मॅडम, मोबदला घ्या. नोकरी घ्या. विषय मिटवू."

क्षणभर सीमाला मोह झाला. पुण्यातली नोकरी तिला हवीच होती. पण ज्या परदेशी माणसाचा कोड तिनं घेतला होता, त्यानं तिची जात विचारली नव्हती, गाव विचारलं नव्हतं. त्याची अट विकून ती कुठल्या तोंडानं पुण्याला जाणार?

"मला कोड पाहिजे," ती म्हणाली. "ह्यांनाही द्या, कोल्हापूरलाही द्या."

रंगनाथभाऊंनी पुस्ती जोडली, "कोड आला न्हाई, तर फुडल्या हंगामाला तुमी बी येऊ नका."

आठवड्याच्या आत फ्लॉप्या आल्या. सीमानं कोड उघडला. परदेशी माणसाचं नाव गायब, तिचंही गायब. तिनं आधी त्याचं नाव घातलं, मग आपलं. नवे गट जोडले. तिच्या कोडात नसलेला एक तुकडा लागला, टोळ्यांची चिठ्ठी छापण्याचा. तो तिनं दोनदा वाचला.

"हे कुणी लिहिलं?" तिनं फ्लॉप्या घेऊन आलेल्या साहेबाला विचारलं.

"आमच्या ऑफिसातल्या धनश्रीनं. का? काढायचंय?"

"छान लिहिलंय. तिचं पूर्ण नाव सांगा."

साहेब गडबडला. पूर्ण नाव त्याला ठाऊक नव्हतं.

सीमानं टेबलावरचा फोन त्याच्यापुढं सरकवला. "विचारा. त्याशिवाय मी उठायची नाही."